बोबडी वळली म्हणजे भाषा बाटली?

आपल्या सीमाभागात डिसेंबर-जानेवारी उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. नाटुकली होतात, शेतकरी नृत्य होते, पाहुण्यांना शाल-नारळ दिला जातो, आणि या सगळ्यात कुठेतरी ‘शुद्ध वाणी’ची किंवा ‘स्पष्टोच्चारा’ची एक स्पर्धा असते. पोर मंचावर येते, हात मागे बांधते आणि ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे वाक्य न थांबता पाच वेळा म्हणू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला जीभ घसरते. मंडप हसतो. इथपर्यंत सारे ठीक आहे. हसण्यासाठीच तर ही वाक्ये कुणा आजी-आजोबांनी रचली. माझी तक्रार हशाविषयी नाही. हशानंतर परीक्षकांच्या खुर्चीतून जे प्रवचन येते त्याविषयी आहे.

त्या प्रवचनाचा मजकूर ठरलेला असतो. इथे कानडीचा शेजार आहे, कानावर सतत मिश्र भाषा पडते, म्हणून इथल्या मुलांच्या जिभेला वळण नाही. तरी पालकांनी लक्ष द्यावे. पालक गंभीरपणे मान डोलावतात. घरी गेल्यावर आई सांगते, ‘‘त्या पोरांत जाऊ नकोस खेळायला, जीभ बिघडालीय बघ तुझी.’’ म्हणजे एका गमतीच्या वाक्यावरून दोन घरांमधली खेळाची वाट बंद होते. आणि ज्या शास्त्राच्या आधारे ती बंद होते, ते शास्त्र मुळातच खोटे आहे, असे माझे म्हणणे आहे.

निपाणीजवळच्या एका खेड्यातली गोष्ट सांगतो. गाव आणि शाळा कुठली, हे महत्त्वाचे नाही. सातवीतली मुलगी ‘काळे राळे’ म्हणत होती. तिसऱ्या फेरीला ‘गोरे राळे’च्या जागी तिच्या तोंडून ‘गोळे राळे’ निघाले. परीक्षक उद्गारले, ‘‘कानडी वळण!’’ आता वाचकहो, आपणच विचार करा. तिने काय केले? ‘र’च्या जागी ‘ळ’ म्हटले. पहिल्या शब्दातला ‘ळ’ जिभेवर रेंगाळला आणि दुसऱ्या शब्दातही शिरला. यात कानडी ते काय? कन्नडमध्ये ‘र’ नाही की काय? ‘गोळे राळे’ हीच चूक सदाशिव पेठेतला पोरगा करतो, मुंबईतला करतो, आकाशवाणीवर बातम्या वाचणाराही घाई केली तर करील. परीक्षकांनी चूक ऐकली खरी, पण तिची जात ठरवताना त्यांनी कान बाजूला ठेवला आणि पोरीच्या गावाचे नाव पाहिले.

या वाक्यांना आपल्याकडे धड एक नाव नाही. कुणी जिभेची कसरत म्हणते, कुणी इंग्रजीतून आलेले ‘टंग ट्विस्टर’. मी आपले ‘बोबडी वळवणारी वाक्ये’ म्हणतो. ती अवघड का असतात, याचे उत्तर बहुतेकांना माहीत आहे असे वाटते: एकच अक्षर पुन्हा पुन्हा येते म्हणून. हे उत्तर चूक आहे आणि ते पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ‘काकांनी काकूंच्या कपाटातले कामाचे कागद कराकरा कापले’ हे वाक्य म्हणून पाहा. ‘क’ची नुसती रास आहे, पण दहा वेळा म्हटले तरी फार काही बिघडत नाही. जीभ एकाच जागी ठाण मांडून बसते आणि काम उरकते. एकाच अक्षराची आवृत्ती कानाला गंमत देते, जिभेला त्रास देत नाही. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात जवळजवळ केवळ ‘न’ या एका व्यंजनावर अख्खा श्लोक रचला. तो म्हणताना जिभेपेक्षा अर्थ लावणाऱ्याचे डोकेच अधिक दमते. (हाच भारवी आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या ऐहोळेच्या इ. स. ६३४ च्या शिलालेखात कालिदासाच्या जोडीने उल्लेखिला आहे. संस्कृत कवीची कीर्ती कन्नड मुलखातल्या दगडावर कोरली गेली म्हणून ती बाटली, असे अद्याप कुणी म्हटलेले नाही!)

आता पुन्हा ‘काळे राळे’कडे या. ‘र’ आणि ‘ळ’ हे सख्खे शेजारी. दोन्ही जिभेच्या टोकाचे काम. ‘र’ला टोक हिरड्यांच्या मागे हलकेच आपटते, ‘ळ’ला तेच टोक मागे वळून टाळूला लागते आणि झटक्याने खाली येते. अंतर बोटभरही नाही. त्यात वाक्य रचणाऱ्याने खुबी अशी केली आहे की ‘काळे’मध्ये दुसऱ्या जागी ‘ळ’, ‘गोरे’मध्ये त्याच दुसऱ्या जागी ‘र’, आणि ‘राळे’मध्ये तो ‘र’ उठून पहिल्या जागी बसलेला. शब्दांचा घाट एकच, शेवटचा स्वर तोच, फक्त दोन शेजाऱ्यांनी घरे बदललेली. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारे असत, ते आठवा. त्यांना सगळी अक्षरे येत. तरी घाईच्या वेळी हात बाजूच्या खणात जाई आणि ‘र’च्या जागी ‘ळ’ लागे. म्हणून त्याला निरक्षर कुणी म्हणत नसे. मेंदूही शब्द एकेक करून पाठवत नाही. तोंडात एक शब्द असताना पुढच्या दोन-चारांची जुळणी आधीच चाललेली असते. सारख्या घाटाचे शब्द एकदम जुळणीला आले की खण चुकतो.

याचा पुरावा अगदी घरगुती आहे. तेच वाक्य सावकाश म्हणा. कुणीही म्हणते, ती सातवीतली मुलगीही म्हणते. ज्याला एखादा उच्चार येतच नाही त्याला तो सावकाशीनेही येत नाही. जो सावकाश जमतो आणि घाईत चुकतो तो उच्चार त्या माणसाला येतो, एवढेच नव्हे तर चांगला येतो. चुकला तो क्रम. अशुद्ध उच्चार आणि घसरलेली जीभ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि आपले परीक्षक वर्षानुवर्षे त्यांची खिचडी करीत आले आहेत.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. वऱ्हाडातल्या आणि खानदेशातल्या बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो. तिथला एखादा म्हातारा आपल्या बोलीत हेच वाक्य म्हणेल तर ते ‘काये राये, गोरे राये’ असे होईल. म्हणून पाहा! जीभ लोण्यावरून गेल्यासारखी जाते. ‘र’ला झगडायला ‘ळ’ उरलाच नाही. म्हणजे ज्याच्या बोलीतून एक ध्वनी गळाला तो या परीक्षेत विनासायास पास. आणि ज्याच्या तोंडात ‘र’ही जिवंत आहे नि ‘ळ’ही जिवंत आहे, तो नापास. बोबडी त्याचीच वळते ज्याच्याकडे दोन्ही आवाज शाबूत असतात. मग या कसोटीवर अडखळणाऱ्या पोराला अशुद्ध ठरवणे म्हणजे, खिशात दोन नाणी वाजतात म्हणून एखाद्याला कंगाल म्हणण्यापैकी आहे. (वऱ्हाडकरांनी रागावू नये. त्यांची बोली मला त्यांच्याइतकीच प्रिय आहे. पाडाव करायचा आहे तो कसोटीचा.)

आता ‘ळ’विषयी बोलायचेच तर जरा सविस्तर बोलू. हिंदीच्या प्रमाणभाषेत ‘ळ’ नाही, बंगालीत नाही, इंग्रजीत तर नाहीच. कन्नडमध्ये तो उदंड आहे: हळ्ळी म्हणजे खेडे, बेळकु म्हणजे उजेड, कळ्ळ म्हणजे चोर. ‘बेळगाव’मध्ये ‘ळ’ आहे आणि कन्नडच्या ‘बेळगावि’तही आहे. तो नव्हता फक्त साहेबाच्या ‘बेलगाम’मध्ये. १ नोव्हेंबर २०१४ रोजी इंग्रजी नावही बदलले, पण रोमन लिपीत ‘ळ’ला अक्षरच नसल्याने तो तिथे आजही ‘ल’ होऊनच बसला आहे. ज्या नावासाठी दोन भाषा इतकी वर्षे भांडल्या, त्यातला सर्वांत अवघड ध्वनी मात्र दोघींचा सामाईक! मग येळ्ळूरच्या पोराला, ज्याच्या गावाच्या नावातच जोड-ळ आहे, ‘ळ’चे वळण लावायला बाहेरून माणूस कशाला आणायचा? महाराष्ट्राच्या मोठ्या शहरांत हिंदीच्या सहवासाने मुलांचा ‘ळ’ सैल पडू लागला आहे, हे आपण रोज ऐकतो. कन्नडच्या शेजाराने आपला ‘ळ’ सैल पडत नाही, उलट घट्ट राहतो. शेजाऱ्याला दोष द्यायचा तर निदान त्याच्याकडे जे खरोखरच नाही त्याबद्दल द्यावा.

आणि तसे एक आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चिमणी’तला वेगळा, ‘चोच’मधला वेगळा. पहिला टाळूवरचा, दुसरा दातांजवळचा. तीच गोष्ट ‘ज’ची आणि ‘झ’ची. कन्नडमध्ये हा दातांजवळचा ‘च’ नाही, म्हणून कन्नड माणूस ‘चांगला’ म्हणताना ‘चिमणी’चा ‘च’ वापरतो आणि आपण गालातल्या गालात हसतो. हा खरा उच्चारभेद आहे. पण तो त्याला कळावा कसा? आपण दोन्ही ध्वनी एकाच अक्षराने लिहितो. ‘चमचा’ म्हणताना दोन्ही ‘च’ दातांजवळचे. अनेकवचन करून ‘चमचे’ म्हटले की दुसरा उठून टाळूवर जातो, आणि याची दाद आपल्याला स्वतःलाही नसते. ‘चार चमचे चहा’ या रोजच्या तीन शब्दांत जीभ टाळूवरून दातांशी, दातांवरून टाळूशी उड्या मारते. पुस्तकात याची खूण नाही, शिक्षक ते सांगत नाहीत, परीक्षकांना विचारले तर बहुधा त्यांनाही नियम सांगता येणार नाही. केवळ कानाने ऐकून आपली पोरे हे शिकतात. कन्नड पोरेही आपल्या पोरांच्या संगतीत, गल्लीत विटी-दांडू खेळता खेळता, हेच शिकतात. ती संगतच तोडायची शिफारस प्रवचनकार करतात!

शेजारणीकडेही जरा कान द्या. तिच्या अंगणात ‘कागे पुक्क, गुब्बी पुक्क’ असे एक वाक्य आहे. कावळ्याचे पीस, चिमणीचे पीस, एवढाच अर्थ. पण पाच वेळा घाईने म्हणा. ओठ आणि जिभेचे मूळ यांची अशी काही ओढाताण होते की ‘पुक्क’चे ‘कुप्प’ कधी झाले ते कळत नाही. आता आपले ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणा. घाट तोच! ‘क’ मागे, ‘प’ पुढे. मग ‘प’ आधी, ‘क’ नंतर. दुसरे एक त्यांचे प्रसिद्ध वाक्य: ‘तरीकेरे एरी मेले मूरु करी कुरी मरी मेयुत्तित्तु.’ तरीकेरेच्या तळ्याच्या बांधावर तीन काळी कोकरे चरत होती. करी, कुरी, मरी. काळे, मेंढी, पिल्लू. ‘र’ जागचा हलत नाही, आजूबाजूचे एकेक अक्षर तेवढे बदलते. आपण राळे काळे केले, त्यांनी कोकरे काळी केली. बोबडी वळवायला काळाच रंग का लागतो, देव जाणे. आणि ते राळे तरी काय? कन्नडमधली नवणे. धान्य एक, नावे दोन. आपल्या शेतांतून जवळजवळ गेलेच होते, २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून पाकिटातून परत येऊ लागले आहे.

जगात सगळीकडे हेच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मानसशास्त्रज्ञ स्टेफनी शॅटक-हफनेगल यांनी २०१३ साली ‘पॅड किड पोअर्ड कर्ड पुल्ड कॉड’ असे एक निरर्थक वाक्य पुढे आणले. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही त्यावर गडगडले. काहींना तर पुढे बोलताच येईना. तिथे कुणाचा कानडी शेजार होता? त्याआधी २००७ साली लुई गोल्डस्टाइन, मारियान पूपलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलणाऱ्यांच्या जिभेची प्रत्यक्ष हालचाल मोजली. ‘कॉप टॉप, कॉप टॉप’ असे म्हणवून घेतले, तेव्हा दिसले की चुकीच्या क्षणी पुष्कळदा ‘क’ जाऊन ‘ट’ येत नाही, तर जिभेचे मूळ आणि टोक दोन्ही एकदम उठतात. ऐकणाऱ्याला मात्र एकच ऐकू येते. म्हणजे परीक्षकांच्या कानाला जी ‘गळती’ वाटते ती तोंडात कित्येकदा गर्दी असते. १९८२ साली तर असेही दाखवले गेले की अशी वाक्ये मनातल्या मनात वाचतानाही वाचणाऱ्याचा वेग मंदावतो. ओठ मिटलेले, जीभ स्वस्थ, तरी अडखळ आहेच. आता मनातल्या मनात कुठले वळण लावणार?

जिभेवरून माणूस पारखण्याचा धंदा मात्र जुना आहे आणि तो बहुतेक सीमेवरच चालत आला आहे. बायबलच्या जुन्या करारात कथा आहे: लढाई हरलेले एफ्राइमी यार्देन नदीच्या उतारावरून घरी परतू लागले, तेव्हा पहारेकरी एकेकाला ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणायला लावीत. ‘श’च्या जागी ‘स’ निघाला की मान उडे. बेचाळीस हजार माणसे गेली, असे तिथे लिहिले आहे. आपल्या वेदगंगेच्या, दूधगंगेच्या काठी तसे काही नाही, हे नशीब. पण १ नोव्हेंबर १९५६ पासून इथल्या मराठी माणसाच्या जिभेकडे दोन्ही बाजूंनी पहारेकऱ्याच्याच नजरेने पाहिले जाते, हे कोण नाकारील? सरकारी खिडकीवर त्याचे कन्नड मोडके म्हणून तुसडेपणाने वागवायचे. आणि पुण्या-मुंबईच्या पाव्हण्यांनी त्याचे मराठी कानडी वळणाचे म्हणून हसायचे. पहिल्याबद्दल आपण मोर्चे काढले, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो. दुसऱ्याबद्दल आपण ब्रही काढत नाही. उलट त्यालाच प्रमुख पाहुणा म्हणून बोलावतो.

पु. ल. देशपांडे बेळगावात प्राध्यापक होते. त्यांनी ‘रावसाहेब’ लिहिले आणि बेळगावी मराठीवर अवघा महाराष्ट्र हसला. त्या हसण्यात माया होती. ती मी कधीही नाकारणार नाही. पण मायेचे हसणे लेखकाला साधते, त्याची नक्कल करणाऱ्या प्रत्येकाला साधत नाही. आणि गंमत पाहा: गदगकडून आलेल्या, कन्नड घरातल्या भीमसेन जोशींनी अभंग गायले तेव्हा याच महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आले. ‘विठ्ठल’ म्हणताना त्यांचा ‘ठ्ठ’ आणि ‘ल’ कुणी मोजला नाही. उलटही तेच. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते कन्नड कवितेसाठी. यांच्या जिभा कुणी ‘शुद्ध वाणी’च्या स्पर्धेत उभ्या केल्या असत्या तर काय निकाल लागला असता, कोण जाणे.

इंग्रजी माध्यमात मुले घालणाऱ्या पालकांबद्दलही एक शब्द. त्यांचे बाळ ‘शी सेल्स सी शेल्स’ म्हणताना अडखळले की घरभर कौतुक: ‘‘किती गोड चुकालंय बघा!’’ इंग्रजांची ‘पीटर पायपर’ जातीची वाक्ये १८१३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली, ती मुलांना हसतखेळत उच्चार शिकवण्यासाठी. तिथे चूक हा खेळाचा भाग. तेच बाळ ‘काळे राळे’वर अडखळले की मात्र चेहरे पडतात, संस्कार आठवतात आणि आजी वेखंड उगाळायला घेते. परक्या भाषेत चुकणे हे लाडिकपणाचे आणि स्वतःच्या भाषेत चुकणे हे कलंकाचे, अशी वागणूक मिळाली तर पोर कुठल्या भाषेत बोलायला धजेल? आमच्या गल्लीत याचे उत्तर मिळू लागले आहे. चार-पाच घरांत भावंडे आपापसांत आता इंग्रजीतच भांडतात.

एक गोष्ट तर मला अक्षम्य वाटते. काही शाळांत तोतरे बोलणाऱ्या मुलाला ‘सराव होईल’ म्हणून मुद्दाम या स्पर्धेत उभे करतात. तोतरेपणा हा जिभेच्या आळसाचा प्रकार नाही, आणि घड्याळ लावून, पाचशे माणसांपुढे, मुद्दाम घसरण्यासाठीच रचलेले वाक्य म्हणवून घेणे हा त्यावरचा उपचार तर मुळीच नाही. त्या मुलाला वाणीतज्ज्ञाकडे न्या. मंचावर नेऊ नका.

यंदा पुन्हा हंगाम येईल. स्पर्धा बंद करा असे मी म्हणत नाही. फलकावरचा ‘शुद्ध’ हा शब्द पुसा आणि तिला सरळ बोबडीची स्पर्धा म्हणा. ‘राळ्यां’शेजारी ‘करी कुरी मरी’ही ठेवा, आपल्या मराठी शाळांतून मुले कन्नड शिकतातच, त्यांना ते वाक्य परके नाही. गल्लीतल्या कन्नड पोरांनाही ‘चार चमचे चहा’ म्हणायला बोलवा. आणि नियमपत्रिकेत पहिलाच नियम घाला की स्पर्धेला सुरुवात परीक्षकांनी करायची: दोन्ही वाक्ये, पाच-पाच वेळा, ध्वनिक्षेपकावरून. घड्याळ त्या सातवीतल्या मुलीच्या हातात द्या.